माणिकबाईचा ढेकर

तू मधात बोलू नको वं, नुसती आयक. भातकुलीची माणिकबाई तुले माहीत नाही, म्हनून पहिले तिचंच सांगते.

माणिकबाई पोट चोळे. कोनाच्या पोटात वायगोळा धरला, छातीत हवा अडकली, का तो मानूस संध्याकाळी तिच्या आंगनात येऊन पडे. ती हाताले एरंडीचं तेल लावे, बेंबीभोवती आंगठा दाबे, अन् ढेकर निघे तो माणिकबाईले. त्या मानसाले नाही, तिले. त्याच्या पोटातली हवा तिच्या तोंडून निघते, असं समदं गाव माने. जेवढा लांब ढेकर, तेवढं पोट मोकळं. पैसा नाही, सुपारी नाही, कोनाचा चहासुद्धा घेत नसे बाई.

अन् ते साल असं, का गावात कोनाचंच पोट जाग्यावर नाही. कपाशी लाल पडून वाळून गेली. मानसं उपाशीपोटी काळा चहा ढोसत, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत पारावर बसून राहत. खुशालराव त त्यायच्यात पहिला. त्याले घासच जाये ना, घशाशी गोळा येते म्हने. त्याची बायको केशरबाई त्याले रोज हाताले धरून आने. माणिकबाईचा ढेकर निघाला का खुशालराव म्हने, झालं मोकळं. अन् घरी जाऊन अर्धी भाकर खाये. त्या अर्ध्या भाकरीवरच तो मानूस जगून राहिला होता.

आता गोम कोनाच्या ध्यानात आली, त माणिकबाईच्या सुनेच्या, गीतांजलीच्या. एक दिवस ती वांग्याच्या वाडीतून घरी आली, पाहते त सासू चुलीपाशी एकटीच बसून ढेकर देऊन राहिली. एक, दोन, पाच. समोर कोनी नाही, हात कोनाच्या पोटावर नाही. मंग गीतांजलीनं नजर ठेवली. सासू भाकर सोडून नुसती आंबील पीत होती. चोळीच्या बाह्या ढिल्या पडल्या होत्या. नवऱ्याले, सागरले सांगतलं, त तो हासला. म्हने, गावभराची हवा घेते माही माय, थे का कानातून निघन?

दुसऱ्या दिवशी गीतांजली वांगे विकाले बडनेऱ्याले गेली, तशी अब्दुल गफ्फारचाचाच्या जडीबुटीच्या दुकानात शिरली. चाचानं खोदून खोदून विचारलं. जेवल्यावर येते का उपाशीपोटी, आंबट का साधा. मंग समजावलं, का ढेकर म्हनजे बहुतेक गिळलेली हवा. घाईनं खाल्लं, खर्रा चघळला, काळजीनं घडीघडी थुका गिळला, का हवा आत जाते, अन् आत गेली थे वर येनारच. ओवा, बडीशेप, सुंठ, जिरं कुटून दिलं, दोन्ही टाइम काढा द्याले लावला. पुडी बांधता बांधता म्हने, "बेटी, ओवा हवेले काढते. जे हवा नाही, त्याले ओवा का करन? आठ दिवस देख. कमी नाही झालं त माह्यापाशी येऊ नको, सीधी बड्या दवाखान्यात ने."

आठ दिवस तिनं काढा उकळला. काही फरक नाही. नवव्या दिवशी आंगन झाडता झाडता पाहते त मोगऱ्याच्या बुडाशी वल्ला डाग, अन् वास ओव्याचा. सासू काढा तठी ओतून देत होती.

गीतांजली रिकामा गिलास घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली. माणिकबाई चिडली नाही का लपवलं नाही. म्हने, "दवाईनं ढेकर बंद पडला त?"

"त तुमाले बरं वाटन, आत्याबाई."

"मले वाटन. खुशालराव का खाईन? दोन महिने झाले मले ठाऊक आहे, पोरी. पहिले लोकायची हवा होती, देवाशपथ होती. आता हात ठेवाच्या आधीच येते. माहीच आहे थे. पन तो जेवते न त्याच्यावर."

अन् तिनं सुनेच्या हातावर हात ठेवून सागरची शपथ घातली, का कोनाजवळ बोलाचं नाही.

दहा-बारा दिवस गीतांजलीनं जीभ दाताखाली धरली. तिले सपनात भाकरी दिसत, अर्ध्या अर्ध्या. मंग एका संध्याकाळी माणिकबाईले मोरीत उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी काळी. आंगनात खुशालराव पोत्यावर पडून होता, दोन-चार जन बाजूले बसले होते. माणिकबाईनं तोंड पुसलं अन् तेलाची वाटी घेऊन निघाली. गीतांजली दारातच आडवी झाली अन् समद्यायसमोर बोलली, "आता यायच्याकडून चोळून घेऊ नका कोनी. हे ढेकर तुमचे नाही. यायच्या दुखन्याचे आहे."

माणिकबाईनं वाटी खाली ठेवली, तेवढा आवाज आला.

अमरावतीच्या डॉक्टरनं नळी टाकून पाह्यलं. जठराच्या तोंडाशी गाठ. म्हने, चार-सहा महिने आधी आनाले पायजे होतं. घरी घेऊन जा, खाईन थे द्या.

घरी आनली. आंगनात कोनी येईना. एक दिवस केशरबाईनं खुशालरावाले ओढतच आनलं. माणिकबाई खाटेवर कशीबशी उठून बसली, त्याच्या पोटावर हात ठेवला, अन् ढेकर आला, चांगला लांबलचक. खुशालरावानं तिचा हात हळूच उचलून बाजूले ठेवला. म्हने, "राहू द्या माणिकबाई. तुमाले तरास होते."

त्याच्यानंतर त्याची अर्धी भाकरही सुटली. आता गंजभर पानी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडून राह्यते. माणिकबाई सुनेशी बोलत नाही. सागर म्हनते, माहीत होतं त आधी काहून नाही सांगतलं. नळावर केशरबाई म्हनते, सांगतलंच काहून. गीतांजली दोघायचंही आयकून घेते अन् पान्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन घरी येते.

आता तू सांग, तू तिच्या जागी असती, त का केलं असतं?