म्हशींवरचा आळ

शुभदाच्या जिवाला काही थारा नव्हता. पारावर ग्रामसभा भरलेली, आणि हिचा हात सारखा मोबाइलकडं. पाण्याच्या तपासणीचा निकाल सकाळीच आलेला. वाचून वाचून पाठ झाला, पण तोंडातून निघेल तर शपथ!

गावची पिण्याची विहीर नासली होती. पोरंसोरं जुलाबानं बेजार. विहिरीशेजारी सटवाजीचा गोठा, लागूनच उकिरडा. मग काय, खापर फोडायला दुसरं डोकं कशाला शोधायचं? आज ठराव झाला की गोठा उठणार. दोन म्हशींच्या दुधावर बिचाऱ्याचं घर चालायचं. सगळ्यात मोठा आवाज शुभदाच्या वडिलांचा, तात्यारावांचा. परभणीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या लेकीकडून पाणी तपासून घ्यायची टूमही त्यांचीच. आणि आता खरं बोलावं, तर तेच तोंडघशी पडणार होते.

"बोल की बाई," तात्याराव म्हणाले. "घाबरायलीस काय? सांग, शेणच हाय म्हणून."

ती उठली.

"माणसाच्या पोटातले जंतू वेगळे, जनावराच्या पोटातले वेगळे. पाण्यातला डीएनए तपासला की कुणाचे ते कळतं. म्हशीचे सापडले न्हाईत. माणसाचे लय सापडले."

सटवाजीनं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

"माणसाचे?" तात्याराव कडाडले. "कोण घाण टाकायलंय विहिरीत?"

"टाकत न्हाई कुणी, दादा," ती वडिलांना म्हणाली. "जमिनीतून झिरपायलीय." इथंच थांबावं, असं तिला फार वाटलं. गोठा तर वाचला होता. पण पोरांचे जुलाब थांबणार होते का? "विहिरीच्या वरच्या अंगाला संडास एकच हाय. आपला."

त्या संडासाच्या खड्ड्याचा तात्यारावांना कोण तोरा! पंचायतीच्या साहेबानं आलटून-पालटून वापरायचे दोन उथळ खड्डे सांगितले होते. यांनी उपसायची कटकट नको म्हणून एकच खोदला, तोही खाली पाणी लागेपर्यंत, आणि वर गावभर सांगत फिरले, सात पिढ्या भरायचा न्हाई म्हणून. भरेल कसा? सगळा मैला विहिरीत जात होता.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तात्याराव उठून तिच्याजवळ आले. आता हात उगारतात की काय, म्हणून तिनं अंग चोरलं.

"तू वयात आलीस तवा खोदला गं," ते हळूच म्हणाले. "माझ्या लेकीला टमरेल घेऊन रस्त्याला बसायची पाळी नको म्हणून."

शुभदाला हुंदका आवरेना.

"ठावं हाय, दादा," ती म्हणाली. "पण बुजवावा लागंल."