तपासणीपुरती जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे, मित्रांनो, आणि माझे घर कडबाकुट्टीच्या तोंडावर. गुरांचा चारा बारीक करणाऱ्या त्या यंत्रात पेंढी सारताना माणसाचा हात आत जाऊ नये, एवढ्यासाठी माझा जन्म. पण घरी मी क्वचितच असे.

बडोद्याजवळच्या आमच्या गावात सरकारी अनुदानावर कडबाकुट्ट्या आल्या. दुकानदाराने त्या जाळीविनाच विकल्या, म्हणून तेवढ्या स्वस्त. अनुदान मात्र साहेबांनी येऊन जाळी बसवलेल्या यंत्राचा फोटो काढल्यावरच मिळे. आमचे धनाजीराव वाडीतल्या एका लोहाराकडे गेले आणि मला घडवून घेऊन आले. हिरवाकंच रंग, नवे बोल्ट! फोटोत मी काय मिरवले म्हणून सांगू!

मग शेजाऱ्याची तपासणी आली. धनाजीरावांच्या तोंडून कुणाला नाही निघत नसे. त्यांनी पाना आणला, मला सोडवले आणि शेजारी नेऊन दिले. तिथून पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. हळदीकुंकवाची सतरंजी फिरते तशी मी गावभर फिरले. साहेबांनी मला ओळखले नाही की ओळखूनही डोळेझाक केली, देव जाणे. पुढे मात्र मला या मिरवण्याची धास्ती वाटू लागली. मी ज्या यंत्रावर नसे, तेही चालूच असे.

तशीच धास्ती धनाजीरावांच्या सुनेला, आनंदीला, वाटे. घरचा चारा तीच कापायची.

"मामंजी, आज तरी जाळी राहू द्या ने," ती एका सकाळी म्हणाली. "चारा ओला आहे, हातही आत ओढतो."

"अगं, गोविंदरावांकडे साहेब येताहेत. त्यांचं अनुदान अडायचं. दुपारी आणतोच परत. तू जपून कर."

गोविंदरावांच्या अंगणात साहेबांनी माझ्यावर टिचकी मारली. "सरस! अशी जाळी हरेक घरी हवी," ते म्हणाले. फोटो निघाला, चहा आला. पलीकडून आमच्या मोटरीची घरघर ऐकू येत होती. ती अचानक थांबली. मग धनाजीरावांच्या पत्नीची, चिमणाबाईंची, किंकाळी आली.

आनंदीच्या उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे. धनाजीरावांनी रडत रडत मला जागेवर बसवले. गोविंदरावांचे अनुदान वेळेवर जमा झाले.

पुढे एके दिवशी गावातल्याच इंदिराबाई दारात आल्या. "भाऊ, उद्या माझी तपासणी. एका दिवसापुरती जाळी द्या ने."

धनाजीरावांनी मान खाली घातली. आणि मित्रांनो, ते उठले आणि त्यांनी पाना आणला! मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

आनंदी ओसरीवरून शांतपणे म्हणाली, "न्या, मामंजी. आता मी डाव्या हाताने चारा सारते."

पाना बोल्टवरच थांबला. इंदिराबाई आल्या पावली परत गेल्या.

मित्रांनो, शेजाऱ्याला साखर द्या, विरजण द्या, मला मात्र देऊ नका. मागणाऱ्याला लोहाराचा पत्ता द्या आणि त्याला वाईट वाटले तर वाटू द्या. जाळी फोटोसाठी नसते, हातासाठी असते.

इंदिराबाईंचे यंत्र रोज सकाळी सुरू होते. त्यावर जाळी नाही. ते कोण चालवते, हे मला इथून दिसत नाही.