नावाखालची ओळ

आल्यागेल्याला माझ्याकडून एवढंच हवं असतं, की दवाखाना उघडा आहे का आणि डॉक्टर कधी भेटतील. तेवढं वाचलं की माणसं आत शिरतात. पाटीलाही काही म्हणायचं असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडतेय. सांगणार आहे ते भूषणाचं मुळीच नाही, पण मनात ठेवून ठेवून मी आतून गंजत चाललेय.

मूळची मी पत्र्याचा एक तुकडा. पेंटरनं मला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, वाळू दिलं, पेन्सिलीनं रेघा आखल्या आणि निळ्या रंगात डॉक्टरांचं नाव काढलं. नावाखाली पदवी आली. पेंटर ब्रश पुसायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून एक ओळ आहे, आणि त्यांनी आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं. पेंटर बुचकळ्यात पडला. त्यानं आजवर कितीतरी डॉक्टरांच्या पाट्या रंगवल्या होत्या, पण कॉलेजचं नाव घाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यामागे एक गोष्ट होती. डॉक्टर त्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा कॉलेज नवंकोरं होतं, वर्ग एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये भरायचे, आणि नाव ऐकलं की लोक नाक मुरडायचे. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी मुलांकडे एकच गोष्ट मागितली. दवाखाना काढाल तेव्हा पाटीवर आपल्या नावाखाली कॉलेजचं नाव लिहा, म्हणजे इथले डॉक्टर कसे असतात ते लोकांना कळेल. त्या तुकडीतल्या झाडून सगळ्यांनी ते पाळलं म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी तर पाळलंच. ती ओळ मी वर्षानुवर्षं अंगावर मिरवली.

त्या कॉलेजचं नाव मात्र तुम्हाला सांगता येणार नाही. जे नाव अंगावर नाही ते पाटीला घेता येत नाही.

पुढे दवाखाना आणि मागे घर, अशी आमची जागा. डॉक्टरीणबाई पेशंटना नंबर देतात. त्यांची धाकटी मुलगी, घरातली बारकी, हुशार आणि जिभेची तिखट. यंदा तिचं मेडिकलचं ठरायचं होतं. अर्ज मोजक्याच कॉलेजांत करता येणार होते, त्यामुळे कुठं करायचा आणि कुठं नाही यावरून घरात रोज खल चालायचा. पेशंटही त्यात पडायचे. बाकावर बसलेल्या प्रत्येकाचा कुणीतरी भाचा नाहीतर मेव्हणा कुठल्यातरी कॉलेजात शिकलेला असायचाच. तोंडात थर्मामीटर असेल तेवढा वेळच काय ते गप्प बसायचे.

डॉक्टरांचं आपलं एकच पालुपद. भिंती काय बघतेस, खाटा किती ते बघ. जिथं वॉर्ड भरलेले असतात तिथं पोरांना पेशंटला हात लावायला मिळतो. बारकी "हो बाबा" म्हणायची आणि मोठ्या नावांकडे वळायची. तिचंही काही चुकत नव्हतं. त्या वयात कुणाला खाटा मोजाव्याशा वाटतात?

एका संध्याकाळी पेशंट संपल्यावर बापलेक माझ्याखालच्या बाकावर बसले होते. शेवटचा एक अर्ज उरला होता. तो हक्काच्या जागी कर, असं म्हणून डॉक्टरांनी आपल्या कॉलेजचं नाव घेतलं. घेतलं तेही जरा लाजतच, गळ्यातला स्टेथोस्कोप उगाच नीट करत.

"तिथं नको, बाबा."

"का गं?"

"लांब आहे."

तिनं आधीच ठरवलेल्यांपैकी दोन कॉलेजं त्याहून लांब होती. ते दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी विषय बदलला.

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. बारकीच्या मैत्रिणीला सोडायला तिची आई आली. बाई मोठ्या इस्पितळात सर्जन. गाडीतून उतरल्या, पायरीपर्यंत आल्या आणि त्यांनी मला वाचलं. सगळं वाचलं, अगदी खालपर्यंत. मग विचारलं, हे कॉलेज अजून चालू आहे का, आणि तुझे बाबा तिथंच शिकले का. विचारण्यात खोच होती की नुसतंच कुतूहल, ते मला आजही सांगता येत नाही. बारकीचे कान मात्र लाल झाले.

"नाही हो काकू," ती हसत म्हणाली. "बाबा तिथं एकच वर्ष होते. मग मोठ्या कॉलेजात गेले. ही पाटी जुनी आहे, बदलायचीच आहे."

सर्जनबाई "अच्छा" म्हणाल्या आणि गेल्या. मुली मागच्या खोलीत अभ्यासाला गेल्या. माझ्या शेजारची खिडकी सताड उघडी होती. आत पडद्याआड डॉक्टर एका आजोबांचं पोट तपासत होते, आणि त्यांचा हात थांबला होता. आजोबा म्हणाले, "इथंच दुखतंय डॉक्टर, दाबा की." डॉक्टरांनी दाबलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिळ्यानं सोडावं आणि आपण तोंडावर पडावं, असं वाटलं. चूक माझी नव्हती हे खरं. पण जिच्यामुळे लेकीला बापाची लाज वाटली, ती ओळ माझ्याच अंगावर होती ना.

दुसऱ्या दिवशी बारकी क्लासला गेली असताना पेंटर आला. तोच, आता चष्मा लागलेला. माझ्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाला, अक्षरं अजून ठणठणीत आहेत, खोडायची कशाला? डॉक्टरीणबाईही ओल्या हातानं दारात आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता गरज नाही." बाई हात पुसत आत गेल्या. पेंटरनं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. तो किती गार लागतो, ते मी विसरूनच गेले होते.

बारकी परतली, पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकली. आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. पडदा वाऱ्यानं हलत होता. बाबांनी सगळं ऐकलं होतं, हे तिला कळलं. त्या दिवसापासून तिनं पुढच्या दारानं येणं सोडलं. घराला वळसा घालून मागून यायची, मागून जायची. पण आवाजाला कुठं वळसा घालता येतो? पेशंट विचारायचे, इथं काय होतं हो? डॉक्टर सांगायचे, रंग उडाला होता. भिंतीपलीकडे तिला प्रत्येक वेळी ऐकू जायचं.

शेवटी एके दिवशी दवाखाना बंद करायच्या वेळी ती आत आली. डॉक्टर हात धूत होते.

"बाबा, शेवटचा अर्ज मी तुमच्या कॉलेजला केलाय."

"शिकायचंय तुला तिथं?"

तिनं टॉवेल उचलून त्यांच्यापुढे धरला.

"मग काढून घे." डॉक्टर रागावले नव्हते. "तिथली जागा कुणालातरी जीव तोडून हवी असते. मला हवी होती, दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. तू मनाचं ओझं उतरवायला ती अडवून बसू नकोस."

"मग मी काय करू?"

"हात धू. जेवायला बसू."

मूळ गोष्ट तिच्या ओठावर आली होती, त्यांच्याही आली असावी. पण तिनं हात धुतले, त्यांनी नळ बंद केला आणि दोघंही आत गेली.

तिनं तो अर्ज काढून घेतला आणि त्या जागी एका जुनाट इमारतीच्या, पण खाटांनी भरलेल्या कॉलेजात अर्ज केला. तिथंच जागा मिळाली. मैत्रिणीलाही त्याच शहरात मिळाली, तेव्हा सर्जनबाई दोघींना गाडीनं सोडणार असं ठरलं. निघायच्या दिवशी सामान पुढच्या दारानंच काढावं लागलं. डॉक्टर बॅग उचलून मागे होते, सर्जनबाई पायरीशी उभ्या होत्या. बारकी माझ्यासमोर थांबली.

"काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. बाबा तिथं एकच वर्ष नव्हते. पूर्ण तिथंच शिकले, पहिल्या तुकडीत."

सर्जनबाईंच्या कपाळावर आठी पडली. "कुठं शिकले? अगं, कधी बोललीस तू? मला तर काहीच आठवत नाही."

बारकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्या बाईसाठी तिनं बापाची वर्षं पुसली होती, तिच्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं. इतकी शरमिंदी पोर मी दुसरी पाहिली नाही. डॉक्टरांनी बॅग गाडीच्या डिकीत ठेवली, झाकण लावलं, नीट लागलं का ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." गाडी गेली.

आता माझी ती जागा पांढरीच आहे. त्यावर धूळ बसते, डॉक्टरीणबाई पुसतात. पेंटरला कुणी बोलावलेलं नाही.

पण काल एक नवा पेशंट आला, खोकून बेजार झालेला. पायरीवर दम घ्यायला थांबला आणि त्यानंही विचारलं, इथं काय होतं हो? डॉक्टर दारात होते. मला वाटलं, आता रंग उडाला म्हणतील. त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं. अख्खं नाव सांगितलं, आणि वर म्हणाले, "मी तिथलाच."

"बरं बरं," तो म्हणाला, "आधी माझ्या खोकल्याचं बघा."

बारकीला हे कुणी कळवलेलं नाही. डॉक्टर आपणहून फोनवर असलं काही बोलणाऱ्यातले नव्हेत. मी तर खिळ्याला. तुमच्यापैकी कुणी तिच्या कॉलेजकडे गेलंच, तर तेवढं तिच्या कानावर घाला.