बर्झिलाईच्या जागी

नातू झाल्यापासून बर्झिलाईचा कुणावरही विश्वास उरला नव्हता. यरुशलेमच्या बाजारात त्याचं लोणच्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून, त्यामुळे सगळा संशय आधी माझ्यावर सांडायचा.

“बाळाचं नाव मला का सांगत नाहीत?”

“सुंतेआधी कुणालाच सांगत नाहीत. तुझ्या वेळी तरी कुठे सांगितलं होतं?”

“माझ्या आजोबांना ठाऊक होतं. त्यांचंच तर होतं ते!”

आम्ही बगदादकडचे यहुदी. आमच्यात नातवाला हयात आजोबाचं नाव देतात. तो आजोबाचा मान. त्याची सून पोलंडकडच्या यहुदी घरातली. तिकडे जित्या माणसाचं नाव बाळाला देणं म्हणजे आगीशी खेळ: घरात एका नावाचे दोघे दिसले की मृत्युदूत गोंधळतो आणि भलत्यालाच उचलतो.

विहीणबाई फ्रुमेतनं हे समजावलं, तेव्हा बर्झिलाई म्हणाला, “दाढी बघूनही ज्याला आजोबा कोण, नातू कोण कळत नाही, त्याला या कामावर ठेवलं कुणी?”

“व्याही, नातवाच्या जिवाशी मी खेळणार नाही.”

“ऐकलंस?” तो माझ्याकडे वळला. “माझ्या जिवाचं बाईंना काहीच नाही!”

विहिणीच्या कुणा मेलेल्या मामाचं नाव आपल्या नातवावर बसवणार, याबद्दल त्याची खात्री पटली होती.

सुंतेच्या दिवशी बाळ त्याच्याच मांडीवर होतं. मुलगा निसीम वाकून रब्बींच्या कानात काहीतरी म्हणाला. बर्झिलाईची मान बगळ्यासारखी लांबली.

“इस्राएलात याचं नाव किमहाम!” रब्बींनी पुकारलं.

“हा कोण?” बर्झिलाईनं विचारलं.

रब्बी म्हणाले, “शास्त्रातला बर्झिलाई ऐंशी वर्षांचा होता. दावीद राजानं त्याला राजवाड्यात राहायला बोलावलं. तो म्हणाला, तोंडाला चव नाही, गाणं ऐकू येत नाही, मी येऊन काय करू? माझ्या जागी या किमहामला न्या. तुमचं नाव लोखंडावरून आलंय. याचं ‘ओढ’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून, असं म्हणतात. पैजेवर मात्र सांगणार नाही.”

“आणि म्हातारा?”

“तो आपल्या गावी परतला. मरायला.”

“अस्सं! निसीम, माझी खोली कुणाला देतोयस?”

“बाबा, खोली तुमचीच आहे.”

“व्याही, नीट ऐका,” फ्रुमेत पुढे आली. “म्हाताऱ्याला कुणी हाकललं नव्हतं. राजा न्यायलाच बसला होता. किमहामचं नाव राजापुढे घेतलं ते बर्झिलाईनं. आमच्यात तुमचं नाव चालत नाही, पण तुम्ही घेतलेलं चालतं.”

“हे शोधलं कुणी?”

“मी.”

“तुम्ही? का?”

“तुमचं नाव ठेवलं असतं तर मला झोप नव्हती, नसतं ठेवलं तर निसीमला.”

बर्झिलाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. यात कुठेतरी मेख आहे, हे चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. ती सापडत मात्र नव्हती. फ्रुमेतनं बाळासाठी हात पुढे केले.

“थांबा जरा,” तो म्हणाला, आणि बाळाच्या कानाशी वाकून त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. दोनदा.

फ्रुमेत खिडकीबाहेर बघत राहिली.