फाटकावरची लाल हाताची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे. दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेच्या फाटकावरची. ‘औषध फवारले आहे, आत जाऊ नये,’ एवढेच मला बोलता येते.

माझा जन्म नियाज पेंटरच्या दुकानात झाला. बागेचे मालक शेखरभाऊ त्याला म्हणाले, “द्राक्षं परदेशात पाठवायचीत. त्याला प्रमाणपत्र लागतं. तपासायला साहेब येतील, तेव्हा पाटी झकास पाहिजे.” नियाजने सुबक अक्षरे काढली आणि वाचता न येणाऱ्यांसाठी खाली एक मोठा लाल हात रंगवला, थांबा म्हणणारा.

त्या प्रमाणपत्राचे नियम बरेच होते. औषधांच्या खोलीला कुलूप हवे, मजुरांना हात धुवायला नळ आणि साबण हवा, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले अंतर हवे. माझ्यासाठीही नियम होता. फवारणी झाली की मला लावायचे आणि धोक्याची मुदत संपली की उतरवायचे. यातला पहिला भाग तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

दिवाळीच्या सुमारास साहेब आले. त्यांनी बाग पाहिली, खोली पाहिली आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “पाटी छान आहे.” मी हरखून गेले. शेखरभाऊ तर इतके खूश झाले की त्यांनी मला तारेने फाटकाला कायमचे बांधून टाकले. “रोज कोण काढघाल करणार? साहेब कधीही येवोत, पाटी जागेवर.”

झाले! मी दिवसभर ‘आत जाऊ नये’ म्हणायची आणि माणसे खुशाल आत जायची. पेठ तालुक्यातून कामाला आलेल्या बाया माझ्या कोपऱ्याला भाकरीच्या पिशव्या अडकवत. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या मालनबाई पहिले काही दिवस मला पाहून थबकायच्या. पुढे त्यांनीही ते सोडले. रोज मरे त्याला कोण रडे?

मग ती धुक्याची सकाळ आली. डावणी रोगाच्या भीतीने शेखरभाऊंनी पहाटेच ट्रॅक्टरने औषध मारले आणि ते नाशिकला गेले. पाटी आहेच, असे त्यांच्या मनात. शेजारच्या बागेतली घडांची विरळणी संपवून बाया आमच्या फाटकाशी आल्या. पाने दवाने रोजच ओली असत. आजचा ओलावा वेगळा आहे हे कुणाला कळणार?

एकीने विचारले, “जायचं का आत?”

“ही पाटी तर रोजच हाय,” मालनबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्रांनो, तेव्हा मला फार वाटले की आपल्याला आवाज असता तर! थोड्याच वेळात मालनबाई डोळे चोळत बांधावर येऊन बसल्या. त्यांना मळमळू लागले, उलट्या झाल्या. शेखरभाऊंच्या पत्नी उज्ज्वलाताई घरातून धावत आल्या. त्यांनी सगळ्या बायांना बाहेर बोलावले, नळाखाली हात-तोंड धुवायला लावले आणि मालनबाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेले. ती दुपार मला खायला उठली.

मालनबाई बऱ्या झाल्या. शेखरभाऊ त्यांना भेटायला बायांच्या झोपडीवर गेले, ते मी पुढे बायांच्याच तोंडून ऐकले. ते म्हणाले होते, “मावशी, पाटी होती ना फाटकावर?”

“होती की. दिवाळीपासून होती, भाऊ. आता ती कवा खरं बोलती, ते आमाला कसं कळावं?”

शेखरभाऊ तडक उठले. घरी येताच त्यांनी पकड आणून माझी तार तोडली.

आता बहुतेक दिवस मी अवजारांच्या खोलीत भिंतीला टेकून असते. पुढच्या तपासणीला साहेबांनी विचारले, “पाटी कुठे आहे?” प्रमाणपत्र हातचे जाईल अशी मला धास्ती वाटली. शेखरभाऊ शांतपणे म्हणाले, “आज फवारणी नाही, म्हणून लावली नाही.” साहेबांनी मान डोलावली.

मित्रांनो, तुमच्या शेतात, शाळेत, रस्त्यावर माझ्या बहिणी असतील. त्यांना शोभेसाठी टांगू नका. काम असेल तेव्हाच लावा आणि काम संपले की आठवणीने उतरवा.

परवा फवारणीनंतर मला फाटकावर लावले होते. मालनबाई बायांना घेऊन आल्या. त्यांनी लाल हाताकडे पाहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “चला गं माघारी.”

सगळ्या बाया माघारी फिरल्या.