माझ्याशिवाय इंजिन चालतं म्हणे!

शी शी शी! मित्रांनो, थांबा, आधी मला माझा वैताग काढू द्या, मग ओळख सांगतो.

मी डिझेल इंजिनाचा एक जुना हँडल आहे. रिव्हर्सर म्हणतात मला. मला पुढे ढकललं की इंजिन पुढे जातं, मागे ओढलं की मागे. मधोमध ठेवून उपसून काढलं, की इंजिन ठप्प. मग वर कितीही मोठा तीसमारखान बसू द्या, त्याच्याने ते इंचभर हलत नाही. म्हणून ड्रायव्हर इंजिनातून उतरताना मला काढून खिशात घालतो. दिसायला म्हणाल तर वीतभर लोखंड.

माझ्या इंजिनावर पुष्कळ ड्रायव्हर आले, पण जीव जडला तो कृष्णरावांवर. त्यांच्या खिशात तंबाखूची डबी, मळका रुमाल आणि मी. कोळशाने भरलेले अठ्ठावन्न डबे ओढताना आमचं इंजिन कसं थरथरायचं, काय सांगू! कृष्णराव थ्रॉटलचा, म्हणजे जोर वाढवायच्या दांड्याचा, एक नॉच, एक खाच, द्यायचे, मीटरचा काटा खाली येईपर्यंत थांबायचे, मग दुसरा. डबे एकामागून एक ताणले जायचे, खाड, खाड, खाड. शेवटचा डबा हलेपर्यंत कोणी चहाला हात लावत नसे.

इंजिन भंगारात निघालं, त्याच वर्षी कृष्णराव रिटायर झाले. शेडमधल्या लोकांनी मला लाकडी पाटीवर स्क्रूने बसवलं आणि निरोपाच्या दिवशी त्यांना भेट दिलं. चरोदा गावातल्या त्यांच्या घरात आधी मी टीव्हीवर मानाने बसलो. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि सूनबाई रेणूने माझ्याखाली लग्नपत्रिका दाबून ठेवल्या. तेही सोसलं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, शेजारचे हेमराज यायचे. कृष्णरावांचे ते जुने असिस्टंट. मला रुमालाने पुसायचे, झेंडूचं फूल वाहायचे. असं का करता, हे घरात त्यांना कधी कोणी विचारलं नाही.

शेवटी कृष्णरावांची नात समीक्षा मला कॉम्प्युटरशेजारी घेऊन गेली आणि तिने माझ्यावर हेडफोन लटकवला. तिथून मला शिसारी यायला लागली.

ती आगगाड्यांचा खेळ खेळायची. त्यात डिझेल इंजिन होतं. डिझेल म्हणे! आवाज पिठाच्या चक्कीचा. धूर उदबत्तीसारखा. एक बटण दाबलं की थेट शेवटचा, आठवा नॉच, आणि अठ्ठावन्न डबे लोण्यावरून घसरावे तसे निघाले! धक्का नाही, ताण नाही, चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू नाही. आणि मी? मी नुसता चित्रात. मला हात न लावता इंजिन मागेपुढे जात होतं. थू त्या चित्रावर!

एकदा कृष्णराव स्वतः खेळायला बसले. ब्रेकचं प्रेशर भरायची वाट पाहिली, एकेक नॉच दिला, सिग्नल दिसताच हात उचलून मोठ्याने "हिरवा" म्हणाले. पडद्यावर लाल अक्षरं आली, उशीर झाला, नापास.

"आजोबा, छत्तीस साल गाडी चालवली अन् गेममध्ये फेल?" समीक्षा पोट धरून हसली. कृष्णरावही हसले. मला मात्र हसू येईना, कारण हीच पोर पुढच्या सोमवारी असिस्टंट लोको पायलटच्या ट्रेनिंगला निघाली होती. "मले सगळं येते, गेममध्ये पाचशे तास झाले," असं ज्याला त्याला सांगत होती.

शनिवारी हेमराज पेढे घेऊन आले. समीक्षाने त्यांना खेळ दाखवला. "देखो आजोबा, आता मी खाली उतरून चाकं चेक करून राहिली." पडद्यावरच्या माणसाने इंजिन चालू ठेवलं, मला पुढच्या खाचेत तसंच सोडलं आणि तो थेट इंजिनाखाली शिरला.

"बंद कर!" हेमराज ओरडले. पेढा हातातून पडला. "हँडल कोनं काढला?"

"कोनता हँडल?" समीक्षाने विचारलं.

मित्रांनो, हेडफोन तेव्हाही माझ्याच डोक्यावर होता.

हेमराजनी तो काढून बाजूला ठेवला. "तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "एका लहान स्टेशनावर ब्रेकचा तुकडा लोंबत होता. मी बांधाले खाली घुसलो. तुझे आजोबा स्टेशनमास्तरले सांगाले गेले. तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर चुकून आमच्याच इंजिनावर चढला. खाली मानूस आहे, त्याले काय माहीत! त्यानं थ्रॉटल ओढला. मी खालून आयकून राहिलो, खडक, खडक. माझी पोरगी ममता तवा सव्वा महिन्याची होती."

"मग?"

"मग काय? थ्रॉटल जागचा हलला नाही. हा तुह्या आजोबाच्या खिशात होता."

समीक्षा माझ्याकडे बघत राहिली. कृष्णरावांनी स्क्रूड्रायव्हर आणला, मला पाटीवरून सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. "असिस्टंट तू राहशील, पोरी. खाली तूच जाशील. जायच्या आधी हँडल मांगायचा."

"अन् ड्रायव्हरनं नाही देल्ला तर?"

"तर जायचं नाही. गाडी लेट होऊ दे."

दोन दिवस तिने मला खिशात घालून घरभर फिरवलं. मग मला कृष्णरावांजवळ ठेवून ती गेली.

ट्रेनिंग संपवून तिला यार्डात डबे हलवणाऱ्या डिझेलवर काम मिळालं. एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा हेमराजही बसले होते.

"आजोबा, आज खाली जा लागलं. हँडल मांगला."

"मग?"

"सर चिडले. म्हणे, मी काय गाडी घेऊन पळून जाऊन राहिलो का?"

"मग?"

"मी उभीच राहिली. देल्ला त्यायनं."

हेमराजनी खिशातून रुमाल काढला आणि मला पुसायला घेतलं. दसरा अजून चार महिने लांब होता.

खेळ खुशाल खेळा, मित्रांनो. पण ज्याने तो बनवला त्याला माझा एक निरोप द्या. धूर कसाही काढ, आवाज चक्कीचा दे, पण उतरणाऱ्या माणसाला हँडल उपसायला लाव. तुझ्या खेळात इंजिनाखालचा माणूस बटण दाबलं की पुन्हा उभा राहतो. सव्वा महिन्याच्या ममताला बाप एकच होता.