हीराबाईंचं पारणं

धुळ्यात आग्रा रोडवर जवरीलालजींचं मिठाईचं दुकान आहे. त्यांची बासुंदी न्यायला जामनेरहून माणसं येतात. त्याच घरातल्या हीराबाईंनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दूध सोडलं, तेव्हा नातेवाइकांना ती थट्टाच वाटली.

झालं असं की दुकानाला दूध घालणारा लोटन उन्हाळ्यात आजारी पडला. त्याला भेटायला हीराबाई सून विधीला घेऊन त्याच्या गावी गेल्या. पस्तीस वर्षं त्याच्याकडचं दूध घरात येत होतं, पण गोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता. लोटनची बायको भागाबाई धार काढत होती. म्हशीपुढे एक पारडू उभं होतं आणि म्हैस त्याला चाटत होती. हीराबाईंनी कौतुकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर हाताला कोरडं, ताठ कातडं लागलं. आत पेंढा भरलेला होता. डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके.

“पारडू मरी गयं, अक्का,” भागाबाई म्हणाली. “ते पुढे दिसनं नही तर म्हैस पान्हावत नही. काय करशी?”

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. हीराबाईंना तिचा राग आलाही नाही. दूध आपण मागतो, ती काढते. पण म्हशीची जीभ त्या टाक्यांवरून फिरत होती, ते त्यांना बघवेना. घरी येऊन त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, तो कायमचा.

“आता काळा चहा पिणार का?” जवरीलालजी हसले.

काळा चहा त्यांना सोसत नव्हता, पित्त व्हायचं. विधीनं मोबाइलवर बघून ओट्सचं दूध करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मिक्सर इतका वेळ फिरवला की कांजीसारखं बुळबुळीत झालं. दोघी हसून हसून दमल्या. मग समजलं, ओट्स फार भिजवायचे नाहीत, थंड पाण्यात मिक्सरवर थोडाच वेळ फिरवायचे आणि मलमलमधून न पिळता गाळायचं. आठवडाभरात जमलं. आलं घालून त्याचा चहा झाला, तेव्हा हीराबाई खूप दिवसांनी पोटभर चहा प्यायल्या.

जवरीलालजींचं हसू मात्र आटत गेलं. गिऱ्हाइकं विचारू लागली. एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, “बासुंदीवाल्याची बायको दुधाला नाकं मुरडते. लोक काय म्हणतील?”

“मी नाक मुरडत नाही. मी फक्त पीत नाही.”

“घरात काय हवं ते कर. चारचौघांत नको.”

हीराबाईंनी त्यांच्या ताटात पोळी वाढली. बायकोनं मान्य केलं, असं जवरीलालजींना वाटलं.

पर्युषणात त्यांनी अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. पाचव्या दिवशी पाय थरथरले, सातव्या दिवशी आवाज बसला, पण त्या डगमगल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी पारण्याला घर भरलं. जळगावहून मोठे दीर प्रेमराज सहकुटुंब आले. चांदीच्या वाटीत केशर घातलेलं कोमट दूध आलं. घरची रीत अशी की पहिला घोट नवऱ्यानं पाजायचा.

जवरीलालजींनी वाटी ओठांशी नेली. हीराबाईंनी तोंड मिटलं.

“माझं पारणं ह्यानं नाही,” त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. “विधी, माझा ग्लास आण.”

विधी उठली, तसा तिचा नवरा रोनक पुटपुटला, “आत्ता नको.” ती तशीच आत गेली आणि ओट्सच्या दुधाचा स्टीलचा ग्लास घेऊन आली.

प्रेमराज पुढे झाले. “हीराबाई, सात पिढ्यांनी दुधानंच पारणं केलं. त्या सगळ्या चुकल्या, आणि तू शहाणी?”

हीराबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. मोठ्या दिरांना उलट उत्तर त्यांनी आयुष्यात दिलं नव्हतं.

“भाईसा, त्या चुकल्या असं मी म्हणत नाही. त्यांनी तो गोठा पाहिला नव्हता. मी पाहिलाय. पाहून पुन्हा प्यायले, तर ह्या आठ दिवसांचं मी काय केलं? मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालते, आणि म्हशीसमोर मान फिरवू?”

“लहान माणसांसमोर नवऱ्याचा अपमान होतोय, कळतंय का?”

“वाटी त्यांची आहे, उपास माझा आहे,” हीराबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही ह्यातलं पाजलंत तर मला आनंद आहे. नाही पाजलंत तर मी माझ्या हातानं घेईन. पण घेईन हेच.”

जवरीलालजींचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी वाटी ताटात ठेवली, चपला घातल्या आणि दुकानात निघून गेले.

हीराबाईंचे डोळे भरून आले. पण त्यांनी ग्लास उचलला, नवकार मंत्र म्हटला आणि सगळ्यांच्या देखत तीन घोट घेतले. आठ दिवसांच्या कोरड्या घशाला ते गोडसर, धान्याच्या चवीचं पाणी गार वाटलं. जळगावची मंडळी जेवली आणि लगेच निघाली.

पुढचे पंधरा दिवस जवरीलालजी कामापुरतं बोलत. हीराबाई रोज सकाळी दोन पातेली गॅसवर चढवत, एक त्यांच्या चहाचं, एक आपल्या. कुणी आलं तर आपला कप लपवत नसत. शेजारची एक बाई टोमणा मारायला आली आणि कृती लिहून घेऊन गेली.

एका रविवारी प्रेमराजांचा फोन आला. आवाज इतका मोठा की स्वयंपाकघरात ऐकू आला. “उतरलं का हीराबाईंचं खूळ?”

जवरीलालजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, “भाईसा, मी परवा लोटनकडे जाऊन गोठा पाहून आलो.”

“मग?”

“मग काही नाही. दुकान चालूच आहे. पण तिला खूळ म्हणू नका.”

त्यांनी फोन ठेवला. हीराबाई दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी दोन्ही पातेल्यांखालचा गॅस पेटवला.